शेजाऱ्यांची मोजदाद
डोनाल्ड ॲपलयार्ड यांच्या ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ या ग्रंथाचा परामर्श

नगररचनेवरील एका अमेरिकन ग्रंथाचा परामर्श या त्रैमासिकाने का घ्यावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. ग्रंथ नवा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने तो १९८१ साली प्रसिद्ध केला. सान फ्रान्सिस्को शहरातील रहदारीची आकडेवारी, नकाशे, आकृत्या आणि रहिवाशांच्या मुलाखती हे त्याचे स्वरूप. त्यात ना धर्मचिंतन आहे, ना ललित लेखनाचा विलास. तरीही धर्मग्रामात घरोघर जाताना या ग्रंथाची आम्हांला वारंवार आठवण होते. लूककृत शुभवर्तमानात एका शास्त्र्याने प्रभू येशूला आपला शेजारी नेमका कोण, असे विचारले होते. ॲपलयार्ड यांचा प्रश्न त्या प्रश्नाचा दूरचा नातलग आहे. तुमच्या रस्त्यावर तुमचे शेजारी किती, आणि त्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींनी त्यांतील किती हिरावून नेले, असे ते विचारतात. ग्रंथाचे नाव मराठीत आणायचे तर ‘राहण्याजोगे रस्ते’ असे म्हणता येईल. रस्ता हा जाण्यायेण्याचा असतो, राहण्याचा कसा, हे आश्चर्य त्या नावातच आहे, आणि ग्रंथाचा सारा युक्तिवादही त्या नावातच सामावलेला आहे.

ग्रंथकर्त्याविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड हे जन्माने इंग्रज. स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे बर्कली येथील विद्यापीठात नगररचनेचे प्राध्यापक झाले. १९६४ साली केव्हिन लिंच व जॉन मायर यांच्या समवेत त्यांनी ‘द व्ह्यू फ्रॉम द रोड’ हा ग्रंथ लिहिला. महामार्गावरून मोटारीने जाणाऱ्या माणसाला शहर कसे दिसते, ते अधिक सुंदर कसे दिसेल, याचा तो विचार होता. म्हणजे या लेखकाची सुरुवात मोटारीच्या काचेतून झाली. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आपली जागा बदलली. मोटारीतून उतरून ते रस्त्याकडेच्या घराच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि तेथून रस्त्याकडे पाहू लागले. एखादा विद्वान आपल्याच पहिल्या पुस्तकाच्या समोरच्या बाजूला जाऊन बसतो, असे दृश्य विरळा. ‘लिव्हेबल स्ट्रीट्स’ प्रसिद्ध झाल्यानंतर एकाच वर्षाने, १९८२ साली, अथेन्स शहरात भरधाव मोटारीमुळे झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. या योगायोगावर भाष्य करण्याचा मोह आम्ही टाळतो. मात्र त्यांचे चिरंजीव ब्रूस यांनी वडिलांचे काम पुढे नेऊन त्याच नावाचा नवा ग्रंथ सिद्ध केला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

आता ग्रंथाच्या गाभ्याकडे वळू. १९६९च्या सुमारास ॲपलयार्ड आणि त्यांचे सहकारी मार्क लिंटेल यांनी सान फ्रान्सिस्कोतील तीन रस्ते अभ्यासासाठी निवडले. तिन्ही एकाच परिसरातील, एकमेकांना समांतर, घरांची ठेवण जवळपास सारखी. फरक मुख्यतः एकच. एका रस्त्यावरून दिवसाकाठी सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून सुमारे ८,००० आणि तिसऱ्यावरून सुमारे १६,०००. हलका, मध्यम आणि जड अशीच नावे त्यांनी या रस्त्यांना दिली. मग प्रत्येक रस्त्यावरील रहिवाशांना त्यांनी विचारले की, येथे तुमचे मित्र किती व नुसती ओळखदेख असलेली माणसे किती. हलक्या रस्त्यावर सरासरी प्रत्येकी तीन मित्र आणि ६.३ ओळखीची माणसे निघाली. मध्यम रस्त्यावर हे आकडे १.३ आणि ४.१ असे उतरले. जड रस्त्यावर ०.९ आणि ३.१. तेथे सरासरीने माणशी एक मित्रही पुरा भरला नाही.

ॲपलयार्ड आकड्यांवर थांबले नाहीत. त्यांनी रस्त्याचा नकाशा घेतला आणि जी घरे मैत्रीने बांधलेली आहेत त्यांच्यामध्ये रेषा ओढल्या. हलक्या रस्त्याच्या नकाशावर या रेषा रस्ता ओलांडून इकडून तिकडे, तिकडून इकडे अशा विणल्या गेल्या आहेत. एखाद्या गृहिणीने दोन काठ एकत्र शिवावेत तसा तो नकाशा दिसतो. जड रस्त्याच्या नकाशावर रेषा विरळ झाल्या आहेत, आणि ज्या आहेत त्या बहुधा आपल्याच बाजूला राहिल्या आहेत. मधला रस्ता नदीसारखा दोन काठ तोडून वाहतो. आकडेवारी विसरणाऱ्या वाचकालाही हे चित्र विसरता येत नाही. या ग्रंथाचे पुढे जे नाव झाले, त्याचे बरेचसे श्रेय या रेषांना द्यावे लागेल.

याहूनही अंतर्मुख करणारा भाग पुढे येतो. रहिवाशांना विचारले गेले की, तुमचे घर कोठपर्यंत आहे असे तुम्हांला वाटते. हलक्या रस्त्यावरील माणसांनी आपल्या घराची हद्द साऱ्या रस्त्याभोवती आखली. अंगण, पदपथ, समोरची घरे, सगळेच त्यांना आपले वाटत होते. जड रस्त्यावरील माणसांची हद्द आपल्या इमारतीपाशी, काहींची तर आपल्या खोल्यांपाशीच संपली. गोंगाट आणि धूर यांमुळे त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. कित्येकांनी रस्त्याकडील दर्शनी खोल्यांचा वापर कमी करून मागच्या बाजूला मुक्काम हलवला होता. दस्तऐवजात घराचे क्षेत्रफळ तेच राहिले, परंतु माणसाच्या मनातील घर आक्रसले. सरकारी कागदावर न दिसणारी ही हानी मोजता येते, हे ॲपलयार्ड यांनी दाखवून दिले. आमच्या मते हेच या ग्रंथाचे मोठे देणे आहे.

स्तुती येथवर पुरे. ग्रंथाच्या उणिवाही तपासल्या पाहिजेत, कारण ‘मोटारी वाढल्या की मैत्री घटते’ असे एका वाक्याचे सार काढून त्याचा मंत्र करणारे पुष्कळ आहेत.

पहिली उणीव अशी की, मूळ तीन रस्त्यांच्या पाहणीत मुलाखती फारच थोड्या घेतल्या गेल्या. प्रत्येक रस्त्यावर जेमतेम डझनभर माणसे. इतक्या लहान नमुन्यातून दशांशापर्यंतचे आकडे काढणे म्हणजे घरगुती तराजूवर सोने तोलण्यासारखे आहे. दुसरी उणीव अधिक खोल आहे. हलक्या रस्त्यावर मुलाबाळांची कुटुंबे राहत होती आणि ती तेथे बराच काळ मुरलेली होती. जड रस्त्यावर भाड्याने राहणारी, एकटी माणसे अधिक होती आणि मुले जवळजवळ नव्हती. मग मैत्री घटली ती मोटारींमुळे, की भाडेकरू फार काळ टिकत नाहीत म्हणून? मुले नसलेल्या घरांत शेजारपाजार कमी असतो, हे तर आपण नित्य पाहतो. मुलांच्या ओळखीतून आईबापांच्या ओळखी होतात. लेखकाला ही अडचण ठाऊक होती, आणि आपण तीन रस्त्यांकडे एकाच वेळी पाहिले आहे, एकाच रस्त्याकडे तीन काळांत पाहिलेले नाही, हेही तो जाणत होता. रहदारी वाढत गेली तशी मुलाबाळांची कुटुंबे निघून गेली आणि ज्यांना अन्यत्र घर परवडत नव्हते ती माणसे मागे राहिली, असे त्याचे उत्तर. हे उत्तर पटण्याजोगे आहे, पण त्या तीन रस्त्यांपुरते ते सिद्ध झालेले नाही.

तथापि नमुना लहान म्हणून ग्रंथ बाजूला सारणेही न्याय्य नाही. २००८ साली जोशुआ हार्ट या अभ्यासकाने इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात हाच प्रयोग पुन्हा केला. तेथील तीन रस्त्यांवर दिवसाकाठी अनुक्रमे १४०, ८,४२० आणि २१,१३० वाहने जात होती. रहिवाशांच्या मित्रांची सरासरी अनुक्रमे ५.३५, २.४५ आणि १.१५ अशी आली. देश वेगळा, काळ चाळीस वर्षांनी पुढचा, तरी उतरंड तीच. हा नमुनाही मोठा नव्हता. परंतु दोन खंडांतील दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच हकिकत सांगू लागले, तर न्यायाधीश त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत नाही.

ॲपलयार्ड यांचा विचार शून्यातून आलेला नाही. १९६१ साली जेन जेकब्स यांनी ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात न्यूयॉर्कच्या पदपथावरील रोजच्या वावराचे मोल सांगितले होते. दुकानदार, आजीबाई, शाळेत जाणारी मुले यांच्या सहज नजरेमुळे रस्ता सुरक्षित राहतो, असे त्यांचे प्रतिपादन. १९६३ साली ब्रिटनमध्ये कॉलिन बुकॅनन यांचा ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल आला. रस्त्यावरून किती वाहने जाऊ शकतात एवढेच न पाहता, तेथील जीवनाला किती वाहने सोसवतील हेही पाहावे, असे त्याने सुचवले. जेकब्स यांच्याकडे निरीक्षण होते आणि बुकॅनन यांच्याकडे तत्त्व. ॲपलयार्ड यांनी दार ठोठावून रहिवाशाला बोलते केले, ही त्यांनी घातलेली भर. तज्ज्ञाने रस्त्याची तपासणी करावी आणि रहिवाशाने निमूटपणे निकाल ऐकावा, हा रिवाज त्यांनी मोडला.

त्याच सुमारास हॉलंडमध्ये सामान्य आईबाप रस्त्यावर उतरले होते. त्या छोट्या देशात १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यावरील अपघातांत दगावली. त्यातून ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. डेल्फ्ट शहरात काही गल्ल्यांची रचनाच बदलण्यात आली. झाडे, बाक, वळणे अशी योजना झाली की मोटारीला माणसाच्या चालीनेच जावे लागे, आणि मुलांना रस्त्याच्या पूर्ण रुंदीत खेळण्याची मुभा मिळाली. १९७६ साली या व्यवस्थेला कायद्याचे अधिष्ठान लाभले. अशा गल्लीला डच भाषेत ‘वोनेर्फ’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘राहते अंगण’ असा आहे. ज्यांच्या बालपणी अंगण होते त्या मराठी वाचकाला या शब्दाचे भाषांतर नको, आठवण पुरेशी आहे.

येथवर ग्रंथाची बाजू बळकट आहे. परंतु उपायांकडे वळताना त्याच्यासमोर जो प्रश्न उभा राहतो, तो नुसता नगररचनेचा नाही, न्यायाचा आहे. लंडनच्या बार्न्सबरी भागात १९७०च्या सुमारास काही गल्ल्या वाहनांना बंद करण्यात आल्या. आतल्या गल्ल्या शांत झाल्या, घरांची प्रतिष्ठा वाढली. पण वाहने हवेत विरून जात नाहीत. ती शेजारच्या रस्त्यांवर गेली, आणि त्या रस्त्यांवर तुलनेने गरीब माणसे राहत होती. साहजिकच कटुता माजली. बर्कली शहरात १९७५ साली रस्त्यांत अडथळे घालून वाहतूक वळवण्यात आली, तेव्हाही शहर दोन तट पडून भांडले आणि प्रकरण मतदानापर्यंत गेले. ॲपलयार्ड हे सारे प्रामाणिकपणे मांडतात. ते काही लपवीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण मांडून झाल्यावर ते पुन्हा योजना, वाटाघाटी आणि रहिवाशांचा सहभाग यांच्याकडे परततात. ज्याच्या दारात आपली रहदारी नेऊन सोडली तो आपला शेजारी आहे की नाही, हा प्रश्न ते विचारीत नाहीत. त्यांच्या ग्रंथात शेजारी म्हणजे आपल्या रस्त्यावरचा माणूस. पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस हा दुसऱ्या तक्त्यातील आकडा राहतो.

येथेच आम्हांला या ग्रंथाची खरी मर्यादा दिसते. तिचे दुसरे अंग असे की, ग्रंथभर रहिवासी आणि रहदारी हे दोन वेगळे पक्ष आहेत. रहिवासी सोसतो, रहदारी त्रास देते. पण रहदारी म्हणजे तरी कोण? दुसऱ्या कोणत्या तरी रस्त्यावरील रहिवासीच. सकाळी आपल्या खिडकीतून गाड्यांच्या नावाने कडाकडा बोटे मोडणारा गृहस्थ अर्ध्या तासाने आपली गाडी काढून दुसऱ्याच्या खिडकीखालून जातो. त्या वेळी तो कोणाचा शेजारी नसतो, तो घाईत असलेला वाटसरू असतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर याजक आणि लेवी यांनी जखमी माणसाला पाहिले आणि ते दुसऱ्या कडेने निघून गेले. त्यांना निदान तो दिसला तरी होता. वेगात असलेल्या माणसाला वाटेवरचा माणूस दिसतच नाही, त्याला अडथळा दिसतो. शोमरोनी माणसाची दया ही वाहनावरून खाली उतरल्यानंतरची गोष्ट आहे, हे आपण प्रवचनात क्वचितच सांगतो.

ख्रिस्तसभेने या विषयाकडे पाठ फिरवलेली नाही. स्थलांतरितांच्या व प्रवाशांच्या सेवाकार्यासाठी असलेल्या व्हॅटिकनच्या परिषदेने २००७ साली रस्त्यावरील सेवाकार्याविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. वाहनचालकांसाठी दहा आज्ञा म्हणून तिची वर्तमानपत्रांनी थोडी गंमतही केली. परंतु त्यांतील दुसऱ्याच आज्ञेत रस्ता हे माणसांना जोडण्याचे साधन व्हावे, प्राणघातक हानीचे नव्हे, असा आशय आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दैनंदिन जीवनाच्या परिसराचा विचार करताना एकेकट्या माणसाला वाहून नेणाऱ्या असंख्य मोटारी, त्यांच्यासाठी वाढत जाणारे रस्ते व वाहनतळ आणि त्यामुळे विद्रूप होणारे शहर यांचा उल्लेख केला. आपल्या परिसराशी नाते वाटणे ही माणसाची गरज आहे, हेही त्यांनी सांगितले. ॲपलयार्ड यांनी मनातील घराची जी हद्द नकाशावर उतरवली, तिचाच हा धार्मिक अर्थ म्हणावा लागेल.

आता हा ग्रंथ आपल्याकडे कसा वाचावा? सान फ्रान्सिस्कोचे आकडे जसेच्या तसे वसईला किंवा वांद्र्याला लावता येणार नाहीत. आपल्याकडे गर्दीचा रस्ता म्हणजे एकाकी रस्ता, असे समीकरण नाही. बाजाराच्या रस्त्यावर भाजीवाली, चांभार, रिक्षावाले आणि देवळाला किंवा चर्चला निघालेली माणसे यांची वर्दळ असते आणि त्या वर्दळीतही ओळखी टिकतात. शिवाय आपल्याकडील जुन्या वस्त्यांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, नात्यागोत्याची असतात. त्यांची मैत्री मोटारींच्या आधीची आहे आणि ती सहजासहजी मोडत नाही. आपल्या बाबतीत वाहनांच्या संख्येइतकाच त्यांचा वेग, हॉर्नचा कर्कशपणा आणि रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाड्यांनी व्यापलेली जागा यांचा हिशेब धरावा लागेल. ग्रंथात नसलेला हा भाग आपल्या अभ्यासकांनी लिहायचा आहे.

पण आकडे लागू पडत नाहीत म्हणून हकिकत लागू पडत नाही असे नव्हे. आमच्याकडील आळीचा रस्ता मुळात बैलगाडीच्या मापाचा. दोन्ही बाजूंना घरे, ओटीवर संध्याकाळी बसलेली वडीलधारी माणसे, वळणावर क्रूस. मे महिन्यात त्या क्रुसापाशी आळीतील माणसे जमत. जपमाळेची प्रार्थना होई, गीते म्हटली जात, मग मुलांच्या हातावर चणे किंवा खाऊ ठेवला जाई. माणसे बसत ती रस्त्यावरच, चटया अंथरून. एखादी गाडी आलीच तर ती थांबे आणि चालक टोपी काढून उभा राही. आज अनेक ठिकाणी क्रूस जागेवर आहे, फुलेही वाहिली जातात. पण बसायला जागा उरलेली नाही. प्रार्थना एखाद्या अंगणात किंवा सभागृहात हलली आहे. मुंबईतील वांद्रे, माझगाव यांसारख्या जुन्या गावठाणांतही हेच दिसते. १८९६च्या प्लेगच्या साथीत त्या भागांत ठिकठिकाणी जे क्रूस उभारले गेले, ते वाटेवर उभारले गेले, कारण वाट ही तेव्हा सर्वांची एकत्र येण्याची जागा होती. आज त्यांतील काही क्रुसांपाशी दोन मिनिटे उभे राहायचे तर पाठीमागच्या हॉर्नकडे कान ठेवावा लागतो.

ओटीवर बसणाऱ्या माणसाचेही तसेच झाले. धूळ येते म्हणून प्रथम जाळी आली, मग काचा आल्या, मग ओटीची खोली झाली. घर एका खोलीने वाढले, असे घरमालक समाधानाने सांगतो. ॲपलयार्ड यांनी आपला नकाशा पुढे करून विचारले असते की, वाढले की आक्रसले?

या बाबतीत आम्ही स्वतःला वेगळे काढू इच्छीत नाही. नवदीक्षित असताना घरभेटींसाठी आम्ही सायकल वापरीत होतो. एका आळीतून जायला संध्याकाळ लागे, कारण प्रत्येक ओटीवरून ‘फादर, चहा घ्या’ अशी हाक येई आणि उतरावे लागे. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाच्या घरात अबोला आहे, हे आम्हांला कोणत्याही नोंदवहीवाचून कळे. पुढे मोटारसायकल आली. हाक ऐकू येईनाशी झाली, पण हात वर करणारा दिसे. आता मोटार आहे, काचा बंद आहेत. एका संध्याकाळी तीन आळ्या होतात आणि भेटींची नोंद पूर्वीपेक्षा चोख राहते. मध्यंतरी एका वृद्ध बाईंच्या अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या सुनेने सांगितले, ‘फादर, आई रोज तुमची गाडी जाताना बघायच्या. म्हणायच्या, आज फादर घाईत आहेत.’ त्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आमच्या मनात अधिक रुतले. त्यांच्या रस्त्यावर आम्ही धर्मगुरू नव्हतो, रहदारी होतो.

रविवारच्या मिस्सेचेही तेच. चर्चपासून हाकेच्या अंतरावर राहणारी कुटुंबे गाडीने येतात. गाड्या लावण्यावरून कुरबुर होते, आणि शांतीचे चिन्ह देऊन बाहेर पडलेली माणसे फाटकाशी एकमेकांना हॉर्न वाजवतात. ज्यांची घरे चर्चच्या रस्त्यावर आहेत, त्यांत आपल्या धर्माची नसलेली माणसेही आहेत. रविवारी सकाळी त्यांच्या दारासमोर ख्रिस्ती समाज कोणत्या रूपात प्रकट होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हातारी, आजारी व दूरची माणसे वाहनानेच येणार आणि त्यांनी यावे. आजाऱ्यांना अखेरचा अभ्यंग देण्यासाठी मध्यरात्री निघताना मोटारीचे उपकार आम्हीही मानले आहेत. मोटार हे पाप नाही. मोटारीत बसल्यावर वाटेवरच्या माणसाचा विसर पडणे, हे मात्र आत्मपरीक्षणात धरायला हवे.

आपल्या धर्मग्रामांत लहान ख्रिस्ती समूह स्थापन झाले आहेत. वीस-तीस कुटुंबांनी एकत्र येऊन शुभवर्तमान वाचावे, एकमेकांच्या सुखदुःखात सहभागी व्हावे, हा त्यांचा हेतू. या समूहांच्या हद्दी आपण कागदावर आखतो. बैठकीला माणसे का येत नाहीत, याची चर्चा आपण वर्षानुवर्षे करतो आणि दोष दूरदर्शनला, मोबाइलला किंवा श्रद्धेच्या ऱ्हासाला देतो. त्यांत तथ्य असेलही. पण समूहाच्या मधून मोठा रस्ता जात असेल, आणि संध्याकाळी सात वाजता आजीबाईंना तो ओलांडता येत नसेल, तर कागदावर एक असलेला समूह प्रत्यक्षात दोन काठांवर विभागलेला आहे, ही साधी गोष्ट आपल्या कोणत्याही अहवालात आलेली आम्ही पाहिलेली नाही. ॲपलयार्ड यांचा ग्रंथ आपल्याला ही पाहण्याची दृष्टी देतो, आणि त्यासाठी त्याचे सगळे निष्कर्ष मान्य करण्याचीही गरज नाही.

जखऱ्या संदेष्ट्याने पुनर्स्थापित यरुशलेमचे जे चित्र रंगवले आहे, त्यात सोन्याचे महाल नाहीत. हातात काठी घेऊन रस्त्यांत बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या आहेत आणि त्याच रस्त्यांत खेळणारी मुले-मुली आहेत. देव आपल्या नगरीत परतला, याची खूण म्हणून संदेष्ट्याला हे दृश्य पुरेसे वाटले. रस्त्याच्या सुधारणेची मापे अनेक असतील. आमच्या मते या मापापुढे त्यांतील बहुतेक उणी पडतील.

तेव्हा या ग्रंथाचे वाचन आम्ही एका सूचनेने संपवतो. येत्या वर्षी प्रत्येक लहान समूहाने आपल्या आळीचा साधा नकाशा काढावा. घरे दाखवावीत, आणि ज्या दोन घरांत जाणेयेणे आहे त्यांच्यामध्ये रेषा ओढावी. ख्रिस्ती घरांपुरते थांबू नये, आळीतील सर्व घरे घ्यावीत. रस्ता ओलांडणाऱ्या रेषा किती, ते मोजावे. ज्या वडीलधाऱ्यांना जुने दिवस आठवतात, त्यांच्याकडून तीस वर्षांपूर्वीचाही नकाशा काढून घ्यावा. असे दोन काळांचे नकाशे शेजारी ठेवले, तर ॲपलयार्ड यांच्या तीन रस्त्यांत राहिलेली उणीव काही अंशी भरून निघेल. मग क्रुसासमोरची जागा संध्याकाळी एक तास वाहनांपासून मोकळी ठेवता येईल का, चर्चजवळची कुटुंबे रविवारी पायी येतील का, आपल्या आळीतील रहदारी दुसऱ्याच्या दारात न लोटता कमी कशी करता येईल, याविषयी नगरपालिकेकडे आणि आपल्या स्वतःकडे काय मागायचे ते ठरवता येईल. आम्ही आमच्याकडून घरभेटींसाठी सायकल पुन्हा बाहेर काढली आहे. तिच्या चाकांत हवा भरून घ्यावी लागली, आणि एका संध्याकाळी एकच आळी होते.